चुलीचे पंचांग
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी दोन शब्द बोलण्याची आज्ञा विश्वस्त मंडळाने आम्हांस केली, हा आम्ही आमचा बहुमान समजतो. आम्ही व्यवसायाने शिक्षक. माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो. तेव्हा आम्ही शिक्षणावर बोलू अशी आपली अपेक्षा असणार. परंतु आम्ही आज जो विषय घेतला आहे तो स्वयंपाकघराचा आहे. आपल्या मुलखातील ऋतू आणि आपले ताट यांचा संबंध काय, आणि तो तुटत चालला तर आपले काय बिघडते, एवढेच आम्हांस मांडावयाचे आहे. मागे बसलेल्या भगिनींच्या चेहऱ्यावर हसू उमटलेले दिसते. मास्तरांना चुलीतले काय कळते, असे त्या मनात म्हणत असतील तर ते रास्तच आहे. चुलीपुढे बसण्याचे कष्ट आम्ही केलेले नाहीत, आम्ही खाणाऱ्यांपैकी. पण ज्या अन्नावर आपण वाढलो त्याचा हिशेब ठेवणे हे खाणाऱ्याचेही कर्तव्य आहे.

हा विषय सुचला तो एका वहीवरून. समारंभाच्या निमित्ताने न्यासाचे जुने दप्तर चाळण्याची संधी आम्हांस मिळाली. त्यात वसतिगृहाच्या कोठीची आरंभीच्या वर्षांची वही आहे. त्या काळी सभासदांकडून वर्गणी रोख कमी येई, धान्य अधिक येई. कार्तिक-मार्गशीर्षाच्या पानांवर खानापूरकडून आलेला भात आणि नाचणी. पौषाच्या पानावर गुळाच्या ढेपा. माघ-फाल्गुनात हरभरा आणि पोत्यांनी जोंधळा. चैत्र-वैशाखात चिंच, कैऱ्या, वाळवणाचे डबे. आषाढ-श्रावणाची पाने जवळजवळ कोरी. एका घरचा भोपळा, दुसऱ्या घरची मक्याची कणसे, एवढीच नोंद. कारकुनाने जमाखर्च लिहिला, पण नकळत त्याने या जिल्ह्याचे पंचांगच लिहून ठेवले. आजच्या वह्या आम्ही पाहिल्या. त्या अधिक स्वच्छ आणि अधिक चोख आहेत. परंतु त्यांत बाराही महिने दुकानदाराचे तेच बिल आहे: तांदूळ, मैदा, रवा, तेलाचे डबे, बटाटे. पौष कोणता आणि आषाढ कोणता हे त्या वहीवरून ओळखता येत नाही.

या वसतिगृहाशी आमचे नाते अन्नाचेच आहे. आमचे गाव अथणी तालुक्यात. घरात आम्ही दख्खनी बोलतो, शाळा मराठीत झाली आणि बाजार कानडीत. १९९६ साली दहावी होऊन आम्ही बेळगावला आलो आणि दोन वर्षे या न्यासाच्या छपराखाली राहिलो. गुणपत्रिका आणि घरची परिस्थिती एवढेच त्या वेळी पाहिले गेले. तिसरा प्रश्न कोणी विचारला नाही. पहिल्या महिन्यात आमची पंचाईत झाली ती अभ्यासाची नव्हे, भाताची. दोन्ही वेळा भात. पोट भरे, पण जेवलो असे वाटत नसे. आम्ही जोंधळ्याच्या मुलखातले, आणि जेवण भाताच्या मुलखातले! भूगोलाचा तो आमचा पहिला धडा म्हणावयास हरकत नाही.

आता या जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. पश्चिमेस खानापूर तालुका. कणकुंबीच्या रानात मलप्रभा उगम पावते. सह्याद्रीच्या माथ्यावरचा हा प्रदेश. पाऊस कोसळतो, माती तांबडी, खाचरांत भात आणि उतारावर नाचणी. परसात फणस, रानात आमसूल. तेथून पूर्वेकडे निघालो म्हणजे पाऊस ओसरत जातो आणि माती काळी होत जाते. अथणीकडे पाऊस थोडा, तोही लहरी. पण काळी जमीन ओल धरून ठेवते. भाद्रपद-आश्विनात पेरलेला शाळू त्या साठलेल्या ओलीवर थंडीत वाढतो आणि माघ-फाल्गुनात काढणीस येतो. एका जिल्ह्यात, एका दिवसाच्या प्रवासात, ताटातील मुख्य अन्न बदलते. पश्चिमेस भात मध्ये आणि भाकरी कडेला. पूर्वेस भाकरी मध्ये आणि भात शेवटी, असला तर.

आणि एक पदार्थ बदलला की त्याच्यासवे सगळे ताट बदलते. भाताला पातळ आमटी हवी, सार हवे, ताक हवे. भाकरी कोरडी, तिला स्निग्ध हवे. म्हणून पूर्व भागात शेंगदाण्याची, कारळ्याची, जवसाची चटणी आणि भरल्या वांग्याचे रस्से आले. करडई, भुईमूग, कारळे, जवस ही तेलबियांची पिके जेथे शेतात उभी राहतात, तेथेच त्यांच्या चटण्या ताटात येतात. गणपतीच्या नैवेद्याचेही तसेच. नारळ आणि तांदूळ जेथे पिकतो तेथे उकडीचा मोदक. गहू आणि हरभरा जेथे पिकतो तेथे पुरणाचे कडबू किंवा तळणीचा मोदक. देव एकच, भक्तीही एकच. नैवेद्य मात्र जमिनीने ठरवलेला.

आता वर्षाचे चक्र पाहू. आपण संक्रांतीपासून आरंभ करू, कारण तेव्हा घरात सर्वांत जास्त धान्य असते. खरिपाचे तीळ आणि बाजरी घरात आलेली असतात, उसाची गुऱ्हाळे चालू असतात, नवा गूळ बाजारात असतो. थंडीत अंगाला स्निग्ध आणि उष्ण अन्न हवे असते. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि पावटा, घेवडा, हरभऱ्याचे ओले दाणे, गाजर, वांगी यांची मिसळीची भाजी. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ असे आपल्या बायका म्हणत आल्या, त्यात दुसरा कोणताही उपदेश नाही. जे आज शेतात ताजे आहे ते आज खा, एवढाच आहे. त्याआधी मार्गशीर्षाच्या अमावास्येला आमच्या भागातले शेतकरी अन्न घेऊन शेतात जातात आणि जेवण्याआधी त्यातले थोडे उभ्या पिकात शिंपडतात. कानडीत त्याला चरग म्हणतात. भूमीला प्रथम वाढावे आणि मग आपण बसावे, ही त्यामागची भावना. मग येतो हुरडा, ज्याला कानडी शेजारी सीतनी म्हणतात. जोंधळ्याचे कणीस दुधात भरले की ते गोवऱ्यांच्या आरावर भाजायचे, तळहातावर चोळायचे आणि चटणीबरोबर खायचे. तो काळ थोड्या दिवसांचा. दाणा पिठूळ झाला की हुरडा संपला. पैसे कितीही दिले तरी तो वैशाखात मिळत नाही.

फाल्गुनात हरभरा घरात येतो, म्हणून होळीला पुरणाची पोळी. डाळ शिजवलेले पाणीही बायका टाकत नाहीत. त्याची कटाची आमटी होते. पाडव्याला कडुनिंबाची कोवळी पालवी गुळाबरोबर. आमचे कानडी बांधव त्याला बेवु-बेल्ल म्हणतात. नंतर उन्हाळा. या ऋतूत शेत काही देत नाही, पण ऊन देते. आणि ते ऊन कसे साठवावे हे आपल्या बायकांनी ओळखले. पापड, सांडगे, कुरडया, शेवया, वाळवलेली मिरची. पदार्थातील पाणी काढून घेतले की बुरशीला जगण्यास जागा राहत नाही. लोणच्यात मीठ कैरीतले पाणी ओढून घेते आणि वर तरंगणारे तेल हवा अडवते. शाळेत हे आम्ही शास्त्र म्हणून शिकवतो. माळ्यावरच्या बरणीत ते आधीपासूनच होते.

ही साठवण कशासाठी, ते आषाढात कळते. पाऊस लागला की बाजाराची वाट बंद, भाजी महाग, ओली लाकडे धुमसतात. तेव्हा वाळवण आणि कडधान्य उपयोगी पडते. रानात मात्र टाकळा, कुरडू या भाज्या फुकट उगवतात आणि परसात अळू माजते. अळवातील सुईसारख्या सूक्ष्म स्फटिकांनी घसा खाजतो, म्हणून ते चिंच किंवा आमसूल घालून शिजवायचे, हेही कोणी पुस्तकातून शिकलेले नाही. समुद्राकाठी याच दिवसांत मासे अंडी घालतात आणि समुद्रही खवळलेला असतो. म्हणून नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्याला लावण्याची जुनी चाल. आज गोव्यात आणि कर्नाटकात १ जून ते ३१ जुलै यंत्रहोड्यांच्या मासेमारीस सरकारी बंदी असते. जुन्या चालीला कायद्याने दिलेला हा पाठिंबाच होय.

येथवर आम्ही बोललो ते आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. यापुढे जे सांगणार आहोत ते कदाचित आमच्यासारख्यासच अधिक ठाऊक असेल.

हिंदू सणांचे महिने चंद्राचे असले तरी दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक मास धरून ते सूर्याशी जुळवून घेतले जातात. त्यामुळे होळी उन्हाळ्याच्या तोंडाशीच येते आणि श्रावण पावसातच येतो. संक्रांत तर सूर्याचीच. इस्लामी वर्ष मात्र निव्वळ चंद्राचे. ते ३५४ किंवा ३५५ दिवसांत संपते. त्यात अधिक मास नाही. म्हणून रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून पुन्हा जागेवर येतो. हिंदूंचा सण ऋतूच्या घरी राहतो. आमचा सण प्रत्येक ऋतूच्या घरी पाहुणा म्हणून जातो. आणि पाहुण्याने काय करावे? ज्या घरी जाईल तेथले खावे.

आम्ही पहिला रोजा धरला तो १९८८ साली, आठ वर्षांचे असताना. एप्रिल-मेचे दिवस, अथणीकडचे ऊन. संध्याकाळी अम्मांनी आम्हांला खजूर दिला आणि पाठोपाठ जोंधळ्याच्या पिठाची ताक घातलेली गार अंबील. शेजारच्या आक्कांनी कैरीचे पन्हे पाठवले होते. ती अंबील अरबस्तानातून आलेली नव्हती. ती आमच्या मळ्यातून आली होती. पुढे रमजान थंडीत गेला तेव्हा अम्मा पहाटे हुलग्याचे गरम माडगे करीत. सण तोच, नमाज तीच. ऋतू बदलला तसे वाडगे बदलले. ईदच्या शीरखुर्म्यासाठी शेवया लागतात. त्या आमच्या घरी विकत आणीत नसत. उन्हाळ्यात आक्का आणि अम्मा एका बाजेवर बसून शेवया करीत, एकाच बाजेवर त्या वाळत, आणि संध्याकाळी त्यांचे दोन भाग होत. एक भाग आक्कांच्या घरी जाऊन त्याची खीर होई, दुसरा डब्यात राहून ईदची वाट पाही. मोहरमला तूप-गूळ घातलेले चोंगे होत, ते गल्लीतल्या सर्व घरी जात. पंजांपुढे नवस बोलणाऱ्यांत हिंदूही पुष्कळ असत. चुलीला कोणी धर्म विचारीत नव्हते. विचारीत ते पीठ कोणते आहे एवढेच.

वसतिगृहाची हकीकत याला जोडूनच आहे. १९९७ आणि १९९८ या दोन्ही वर्षी रमजान जानेवारीत आला. रोजा धरणारे वसतिगृहात आम्ही एकटेच. पहाटेच्या जेवणाची काय व्यवस्था करावी हे आम्हांस सुचत नव्हते आणि विचारण्याचा धीरही नव्हता. स्वयंपाक करणाऱ्या मावशींना कोठून कळले कोण जाणे. त्यांनी एवढेच विचारले, “कवा उठायचं रं तुला?” दुसऱ्या दिवसापासून पहाटे चारला कोठीत दिवा दिसू लागला. थंडीत उठून मावशी दोन भाकरी थापीत, आदल्या दिवशीची उसळ गरम करीत आणि आमच्या पुढ्यात बसून ऊब घेत. अथणीचा मुलगा म्हणून भाकरी जोंधळ्याची. संक्रांत त्या रमजानातच आली. दिवसा सर्व मुलांना तिळगूळ वाटला गेला. आमचा वाटा मावशींनी वाटीत ठेवून वर ताटली झाकली आणि मगरिबची अजान झाल्यावर आणून दिला. म्हणाल्या, “आता घे, आणि गोड बोल.” विश्वस्तांच्या कोणत्याही ठरावात ही गोष्ट नाही. पण या न्यासाने पन्नास वर्षांत काय केले असे आम्हांस कोणी विचारले, तर आम्ही त्या झाकलेल्या वाटीपासून सांगावयास आरंभ करू.

कोणी म्हणेल की मास्तर जुन्याचे गोडवे गात आहेत. तसे नाही. परंपरा म्हणजे न बदललेली वस्तू, असे आम्ही मानत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात अन्नावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात मंडक नावाचे पक्वान्न आहे. आपल्या बेळगावचे मांडे त्याच वंशातले. परंतु त्या ग्रंथात मिरी आहे, मिरची नाही. मिरची, बटाटा, टोमॅटो, भुईमूग, मका, काजू, पपई ही सारी अमेरिका खंडातली. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरल्यानंतरच्या काळात पोर्तुगीजांच्या व्यापारामुळे त्यांची वाट खुली झाली. बटाटा हा शब्दच पोर्तुगीज, पाव हाही पोर्तुगीज. आणखी एक गंमत पाहा. आपल्या एकादशीच्या ताटात साबुदाणा, बटाटा, रताळे, शेंगदाणे आणि हिरवी मिरची असते. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतला. म्हणजे सर्वांत सोवळे मानलेले आपले ताट जवळजवळ सर्वस्वी परदेशी! जुनी आणि इथली म्हणावी अशी त्यात वरीच काय ती. इंदूरला गेलेल्या मराठी कुटुंबांनी पुरणपोळी सोडली नाही, पण माळव्याच्या पावसाळ्यातला भुट्ट्याचा कीसही आपलासा केला. नवे येते त्याला आमची हरकत नाही. मिरची आली ती परसात रुजली, ऋतूत बसली, मग ताटात आली. आज जे येते आहे ते कोणत्याच ऋतूत आणि कोणत्याच मातीत बसत नाही, एवढीच आमची तक्रार आहे.

आता एक चूक कबूल करतो. ती आमची स्वतःची आहे. काही वर्षांपूर्वी वर्गात शिस्त यावी म्हणून आम्ही नियम केला की मधल्या सुट्टीच्या डब्यात सर्वांनी पोळी-भाजीच आणावी. हेतू असा की कोणी बाजारचे तळकट आणू नये. वर्गात पूर्व भागातून आलेली एक मुलगी होती. तिच्या डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी असे. नियम झाल्यावर ती डब्याचे झाकण पुरते न उघडता, आत हात घालून खाऊ लागली. मग डबा आणणेच थांबले. ती दुपारी पाणी पिऊन बसते, हे आमच्या ध्यानात येण्यास तीन आठवडे लागले. तिची आजी शाळेत आली तेव्हा ती आमच्यावर रागावली नाही. एवढेच म्हणाली, “गुरुजी, आमच्या रानात जुंधळाच पिकतो. गहू पिकत न्हाई. पोरीनं काय आणावं?”

जोंधळ्याच्या भाकरीवर वाढलेला, वसतिगृहात त्या भाकरीसाठी तळमळलेला माणूस आम्ही. आणि आम्हीच एका लेकराला तिच्या भाकरीची लाज शिकवली. आम्ही दुसऱ्या दिवशी नियम मागे घेतला आणि आठवडाभर स्वतः भाकरी घेऊन वर्गात जेवलो. ती मुलगी पुन्हा झाकण उघडून जेवू लागली, पण त्यास बरेच दिवस लागले. लाज एका दिवसात लावता येते, काढता मात्र येत नाही.

ही लाज कोठून आली? १९६० नंतरच्या दशकांत गहू आणि तांदूळ यांचे उत्पादन वाढले, रेशनच्या दुकानात तेच मिळू लागले, आणि उपासमार हटली. त्याबद्दल आपण कृतज्ञच असले पाहिजे. १९७२च्या दुष्काळात मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढलेली माणसे आजही सांगतात की पांढरी पोळी म्हणजे सुबत्ता. पण त्याबरोबर भाकरी ही गरिबाची खूण ठरली. नाचणीत शंभर ग्रॅमला तीनशेहून अधिक मिलिग्रॅम कॅल्शियम असते, पांढऱ्या तांदळात त्याचा अगदी थोडा अंश. तरी नाचणी आजाऱ्याची आणि तांदूळ पाहुण्याचा. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून साजरे केले. तेव्हा शहरातील दुकानांत सुंदर पुड्यांतून जोंधळा आणि नाचणी दुप्पट भावाने आली. आजीची भाकरी पुडीत शिरून परत आली, पण आजी मागेच राहिली.

आणखी एक बाजू झाकून ठेवणे अन्यायाचे होईल. या साऱ्या ऋतुचर्येचा भार स्त्रियांच्या पाठीवर होता. पहाटेचे जाते, धुराची चूल, उन्हातले वाळवण, सणाच्या दिवशी सर्वांच्या शेवटी जेवण. गिरणी आली आणि गॅस आला, हे फार चांगले झाले. ते कष्ट परत आणा असे आम्ही म्हणत नाही, आणि कोणी म्हणू नये. वाचवावयाचे आहे ते ज्ञान; कष्ट नव्हेत. १९७० साली कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ आले आणि वाटी-चमच्याच्या मापाने पाककृती घरोघरी गेल्या. तसेच आता आपल्या गल्लीचे, आपल्या तालुक्याचे माप लिहून ठेवावयास हवे: कोणत्या महिन्यात, कोणत्या मातीतले, का, आणि कोणाबरोबर वाटून.

आमच्या अम्मा २०१९ साली गेल्या. २०२१ साली रमजान फिरून एप्रिल-मेमध्ये आला. आमच्या पहिल्या रोजापासून बरोबर तेहतीस वर्षे. टाळेबंदी होती, बाजार बंद. अंबील करावी म्हणून आम्ही पीठ घेऊन बसलो, आणि ध्यानात आले की पीठ किती वेळ आंबवायचे, ताक केव्हा घालायचे, हे आम्ही कधी विचारलेच नाही. तेहतीस वर्षे तो ऋतू परत यायचा होता हे आम्हांस ठाऊक होते. तेवढ्या अवधीत एकदा विचारावयास काय हरकत होती? शेवटी आक्कांना फोन केला. त्यांचे वय तेव्हा ऐंशीच्या घरात. त्यांनी अम्मांची रीत आम्हांस सांगितली. आमच्या अम्मांची रीत आमच्या घरात उरली नव्हती. ती शेजारी जपून ठेवलेली होती.

म्हणून विश्वस्त मंडळाच्या चरणी आमच्या तीन नम्र विनंत्या आहेत.

पहिली, वसतिगृहाच्या कोठीत ऋतूला जागा द्यावी. स्वयंपाक आता ठेक्याने होतो, त्यास आमची हरकत नाही. परंतु ठेक्याच्या अटींत एवढे घालता येईल की आठवड्यातून निदान दोन दिवस जोंधळा, बाजरी किंवा नाचणी, आणि भाजी त्या त्या महिन्याची. याला खर्च अधिक येणार नाही. हंगामातली वस्तू हंगामात स्वस्तच असते. पश्चिमेच्या मुलाला भात मिळावा आणि पूर्वेच्या मुलाला भाकरी.

दुसरी, सभासदांच्या घरांतून एक वही फिरवावी. प्रत्येक घरातील सर्वांत वडील स्त्रीने आपला एक पदार्थ सांगावा आणि नातवंडाने तो लिहून घ्यावा, महिन्यासह. मराठी, कानडी, कोंकणी, दख्खनी, जी बोली असेल ती. वर्षभरात पंचांग तयार होईल.

तिसरी विनंती विश्वस्तांस नव्हे, येथे बसलेल्या सर्व आईबापांस आणि आमच्या व्यवसायबंधूंस आहे. कोणत्याही मुलाच्या डब्याला नाव ठेवू नका, आणि आपल्या मुलाच्या डब्यात शेजाऱ्याचा घास असू द्या.

शेवटी एक तारीख सांगून आम्ही आपली रजा घेतो. २०३० साली रमजान जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरू होईल. चंद्रदर्शनाने एखादा दिवस मागेपुढे. त्यामुळे त्या वर्षीची संक्रांत पुन्हा रमजानात येईल. आमच्या वसतिगृहाच्या दिवसांनंतर इतक्या वर्षांनी. त्या वेळी या वसतिगृहात कोणी रोजा धरणारा मुलगा असेलच. पहाटे कोठीत त्याच्यासाठी दिवा लागावा, आणि संध्याकाळी झाकलेल्या वाटीत त्याचा तिळगूळ असावा. न्यासाच्या हीरकमहोत्सवात बोलण्यासाठी मग आपल्याला दुसरा वक्ता शोधावा लागणार नाही.